बोळ्याची आंघोळ

मेट्रनबाईंच्या घरात धुळीला थारा नव्हता. घर रस्त्यालगत असल्यामुळे धूळ यायची, नाही असं नाही, पण आली की तिची खैर नसायची. बाईंनी सगळी नोकरी इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये काढली होती. तिथे शस्त्रक्रिया सर्जन करायचे, पण राज्य बाईंचं चालायचं. हात नीट धुतले नाहीत म्हणून त्यांनी भल्याभल्यांना दारातून परत बेसिनकडे पिटाळलं होतं आणि ते तोंडातून अवाक्षर न काढता गेले होते. निवृत्त झाल्यावरही 'मेट्रन' हे नाव काही सुटलं नाही. शेजारपाजारचं सोडाच, खुद्द यजमानही त्यांना त्याच नावाने हाक मारायचे. सुरुवातीला थट्टेने आणि पुढे सवयीने.

यजमान पेंटर होते. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अशा माणसाशी या बाईंनी संसार कसा निभावला, याचं लोकांना नवल वाटायचं. पेंटरना उलट बाजूने वाटायचं. कामावरून आले की त्यांना पुढच्या दाराने प्रवेश नव्हता. मागच्या अंगणातल्या नळाशी टर्पेंटाइनचा डबा, चिंध्या, साबण आणि खरखरीत ब्रश अशी सगळी तयारी असायची. तिथे अंग घासायचं, मग दारात दोन्ही हात पुढे करायचे. बाई नखं बघायच्या आणि मानेनेच आत सोडायच्या किंवा मानेनेच परत धाडायच्या.

या घरात एके दिवशी त्यांची लेक कुत्रा घेऊन आली. तिला परगावी नवी नोकरी लागली होती आणि तिथल्या भाड्याच्या खोलीत कुत्रा चालणार नव्हता. कुत्रा पांढराशुभ्र, अंगभर झुपकेदार केस, त्यात डोळे कुठे आहेत ते शोधावं लागे. लेकीने त्याला काहीतरी विलायती नाव ठेवलं होतं. बाईंनी त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "हा तर कापसाचा बोळा दिसतोय." कुत्र्याने शेपूट हलवलं. तेव्हापासून तो बोळा झाला.

"आई, याला महिन्यातून एकदा आंघोळ पुरते," निघताना लेक म्हणाली. "पण ब्रश मात्र रोज करायचा हं."

"हो का," बाई म्हणाल्या.

शिकाऊ नर्सने अक्कल शिकवली की बाई नेमकं असंच 'हो का' म्हणायच्या. पेंटरना तो सूर चांगला ओळखीचा होता. त्यांनी बोळ्याकडे कणव येऊन पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्या वेळेला पूर्वी थिएटरमधलं पहिलं ऑपरेशन लागायचं त्या वेळेला, बाईंनी अ‍ॅप्रन चढवला, केस रुमालात बांधले आणि न्हाणीघरात बादली भरली. पाणी कोपर बुडवून तपासलं. औषधी साबण, मग, कानांसाठी कापूस, पंजांसाठी जुना टूथब्रश असं सगळं एका ओळीत मांडलं. पेंटरनी टॉवेल घेऊन दारात उभं राहायचं, मध्ये बोलायचं नाही, असं ठरलं. ठरलं म्हणजे बाईंनी सांगितलं.

"मग," बाई हात मागे करून म्हणायच्या. पेंटर मग द्यायचे.

"कापूस." कापूस.

"टॉवेल."

बोळा बिचारा सगळं सोसायचा. चारी पाय ताठ रोवून, शेपूट आत घालून, भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. जणू हे दुसऱ्याच कुठल्या तरी कुत्र्याचं चाललं आहे आणि आपण सहज इथे आलो आहोत. ओला झाला की तो निम्म्याने कमी व्हायचा. मोठे डोळे आणि बारीक पाय एवढंच शिल्लक राहायचं. मग टॉवेल, मग पंखा, आणि अर्ध्या तासाने पुन्हा कापसाचा ढीग. बाई त्याच्याकडे मान तिरकी करून बघायच्या आणि त्यांचा दिवस छान सुरू व्हायचा.

हे रोज. पहिले काही दिवस बोळ्याला वाटलं असावं की आज झालं म्हणजे झालं. हे रोजचंच आहे असं ध्यानात आल्यावर मात्र तो कामाला लागला. अ‍ॅप्रनची खुंटी वाजली की तो खाटेखाली जायचा. बाईंनी खाटेखाली ट्रंका सरकवल्या, तर तो कपाटामागे जाऊ लागला. तीही फट बंद झाली तेव्हा तो अंगणातल्या शेडमध्ये पेंटरच्या आश्रयाला गेला. तिथे भिंतीला रंगवलेल्या पाट्या टेकून ठेवलेल्या असत. त्यांच्या मागे तो बसायचा आणि पेंटर मुद्दाम शीळ घालत, आपल्याला काहीच ठाऊक नाही अशा चेहऱ्याने कुंचला चालवायचे.

एके सकाळी घात झाला. फुलवाल्याच्या दुकानाची पाटी नुकतीच रंगवून झाली होती आणि बोळा नेमका तिला घासून आत शिरला. बाईंनी त्याला बाहेर ओढलं तेव्हा त्याच्या पांढऱ्या कुशीवर लालभडक उलट्या अक्षरांत 'ताजी' असं उमटलेलं होतं.

बाईंनी पेंटरकडे पाहिलं.

"सुंदर अक्षर आलंय पण," पेंटर म्हणाले.

तैलरंग साबणाने निघणार नव्हता आणि टर्पेंटाइन कुत्र्याच्या अंगाला लावायचं नाही एवढं बाईंना कळत होतं. शेवटी कात्री घेऊन 'ताजी' कापून काढावं लागलं. बोळ्याच्या कुशीवर फुलक्याएवढं टक्कल पडलं. फुलवाल्याची पाटीही नव्याने रंगवावी लागली, कारण तिच्यावर केस चिकटून फुलांना मिशा आल्या होत्या.

टक्कल पडलं म्हणूनच पुढची गोष्ट लवकर दिसली. त्या उघड्या जागेवर कातडी कोरडीठक्क होती, तिला पापुद्रे सुटत होते. बोळा मागचा पाय उचलून अंग खाजवायचा आणि तो पाय कपाटावर धप धप आपटायचा. जेवताना मध्येच थांबून खाजवायचा. झोपेतही खाजवायचा. सतरंजीवर कोंडा पडू लागला. बाईंनी भिंग घेऊन त्याचा केस न् केस विंचरून पाहिला. एखादी पिसू सापडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं, शत्रू तरी कळला असता. पण पिसू सोडाच, तिचा मागमूसही नव्हता. मग त्यांनी आयुष्यभर जे केलं होतं तेच केलं. आंघोळ दुप्पट केली. सकाळी एक आणि संध्याकाळी एक.

"मेट्रन, धुऊन धुऊन कापडसुद्धा विरतं," पेंटर भीत भीत म्हणाले.

"कापडाला जंतू चावत नाहीत," बाई म्हणाल्या. "टॉवेल."

आठवडाभरात बोळ्याच्या पोटावर आणि काखेत लाल चट्टे उठले. मग मात्र बाईंनी साबण बाजूला ठेवला. त्यांनी बोळ्याला चादरीत गुंडाळलं आणि दोघं त्याला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टर होत्या एक तरुण बाई. हातांवर मांजरांचे ओरखडे, कोटाला तीन-चार रंगांचे केस. तो कोट पाहून मेट्रनबाईंचं मत बनायला सुरुवात झाली होती, पण बोळ्याला हात लावण्याआधी डॉक्टर बेसिनपाशी गेल्या. बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगटं, सगळं त्यांनी निगुतीने धुतलं आणि नळ कोपराने बंद केला. बाईंनी मनातल्या मनात त्यांना पास केलं.

"आंघोळ किती वेळा घालता?" डॉक्टरांनी चट्टे बघत विचारलं.

पेंटर छताकडे बघू लागले.

"दोनदा," बाई ताठ मानेने म्हणाल्या.

"महिन्यातून दोनदा. तसं जरा जास्तच आहे, पण तेवढ्याने असं व्हायला नको."

"दिवसातून."

डॉक्टरांनी बोळ्याचा पंजा अलगद खाली ठेवला. बाहेर बसलेल्या कोणाच्या तरी पोपटाने तेवढ्यात शिटी मारली.

"ही थिएटरची मेट्रन होती," पेंटर खुलासा केल्यासारखे म्हणाले. "मोठ्या इस्पितळात."

"असं होय," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "काकू, मग मला एक सांगा. दिवसभर हात धुऊन धुऊन तुमच्या हातांचं काय व्हायचं?"

बाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. थंडीच्या दिवसांत बोटांची पेरं फुटायची, मूठ वळली तर रक्त यायचं. टेबलाच्या खणात मलमाची डबी कायम असायची, आणि ड्यूटी संपली की सगळ्या जणी ती एकमेकींना देत बसायच्या. कोणी त्याबद्दल बोलायचं नाही.

"भेगा पडायच्या," त्या म्हणाल्या.

"याच्या अंगभर तेच झालंय. आपल्यापेक्षा यांची कातडी पातळ असते. तिच्यात स्वतःचं तेल असतं, तेच तिचं पांघरूण. ते तुम्ही रोज उतरवलंत. त्यात साबण माणसांचा, तोही औषधी."

"पण घाण?"

"ब्रश करा. रोज करा. मळ, मेलेले केस, कोंडा, सगळं त्याने निघतं आणि तेल अंगभर पसरतं. चिखल लागला तर वाळू द्यायचा आणि ब्रशने झाडायचा. अगदीच वाटलं तर ओल्या फडक्याने पुसा. पुढे महिना-दीड महिन्यातून एक आंघोळ भरपूर झाली, कुत्र्यांसाठी मिळतो त्याच शाम्पूने. सध्या मात्र मलम लावायचं आणि मी परत बघेपर्यंत आंघोळ नाही."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

बाईंनी मान हलवली. सर्जनांना त्यांनी हात धुवायला लावले असतील, पण डॉक्टरांनी पेशंटला दिलेली सूचना उभ्या नोकरीत कधी मोडली नव्हती. पाणी द्यायचं नाही म्हणजे नाही, उशी द्यायची नाही म्हणजे नाही. पेशंटने कितीही गयावया केली तरी नाही. आता गयावया करायची वेळ त्यांची होती आणि समोर करायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अ‍ॅप्रन बांधून झाल्यावर त्यांना आठवलं की आज काही नाही. त्या न्हाणीघराच्या दारात थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी पडदे धुतले. पडदे वाळत घातल्यावर उश्यांचे अभ्रे धुतले, आणि ते झाल्यावर शेडमध्ये जाऊन पेंटरचे रंगाचे डबे बाहेरून पुसून काढले. त्यात कोणत्या डब्यात कोणता रंग आहे हे कळायच्या खुणाही पुसल्या गेल्या. पेंटरनी त्या दिवशी एका चपलांच्या दुकानाचं नाव निळ्याऐवजी जांभळ्यात रंगवलं.

बोळ्याची आंघोळ बंद झालेली पाहून पेंटरनाही हुरूप आला. संध्याकाळी नळाशी न थांबता ते सरळ दाराशी आले.

"माझ्याही कातडीत तेल असेलच की," ते म्हणाले. "उगाच रोज उतरवायचं."

"तुमच्या कातडीत रंग आहे," बाई म्हणाल्या. "नळावर जा."

राहता राहिला ब्रश. बाईंनी तो हाती घेतला तो निव्वळ सूचना पाळायची म्हणून. पहिल्या दिवशी बोळा ब्रश बघूनच न्हाणीघरात गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बाईंना कसंसंच झालं. त्यांनी त्याला बाहेर ओसरीवर आणलं, खाली सतरंजी घातली, स्वतः पाटावर बसल्या आणि हलक्या हाताने पाठीवरून ब्रश फिरवला. कानांमागे गुंतवळाच्या गाठी होत्या. इतक्या आंघोळींतून त्या कशा राहिल्या, याचं त्यांना आश्चर्य वाटलं आणि थोडी लाजही वाटली. बोटांनी एकेक केस सोडवत त्यांनी त्या काढल्या. थिएटरमध्ये टाके काढायला हात इतकाच हलका ठेवावा लागायचा.

दोन-तीन दिवस बोळा ताठ उभा होता. मग एके दिवशी तो खाली बसला. पुढे रेलला. आणि मग एका सकाळी त्याने सगळं अंग सैल सोडलं, हनुवटी बाईंच्या पावलावर टेकवली आणि घोरू लागला. हा कुत्रा घोरतो हे बाईंना इतक्या दिवसांत ठाऊकच नव्हतं. पायाला मुंग्या आल्या तरी त्यांनी पाय हलवला नाही.

पेंटर सवयीने दारात येऊन उभे राहिले होते.

"टॉवेल देऊ?" त्यांनी विचारलं.

"हळू बोला," बाई म्हणाल्या.

चट्टे मावळू लागले, टकलावर लव आली. सगळं मार्गी लागल्यासारखं वाटत होतं, आणि तशात एका रविवारी पाहुणे यायचे ठरले. इस्पितळातले जुने सर्जन आणि बाईंच्या हाताखाली तयार झालेल्या दोन नर्स. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच ही मंडळी घरी येणार होती. बाईंनी घर असं घासलं की आरशात आणि फरशीत फरक राहिला नाही. मध्ये पायात येऊ नये म्हणून बोळ्याला घेऊन पेंटरना नदीकाठी धाडून दिलं.

ते परत आले तेव्हा पेंटरनी साखळी शक्य तितक्या लांब धरली होती आणि तोंड दुसरीकडे वळवलं होतं. बोळा मात्र फार खुशीत होता. नदीकाठी त्याला एक मेलेला मासा सापडला होता, बऱ्याच दिवसांपूर्वी मेलेला, आणि त्याच्यावर तो मनसोक्त लोळला होता. आधी एका कुशीवर, मग दुसऱ्या, मग पाठीवर.

"ओढला नाहीत का त्याला?"

"ओढला ना. पण त्याचा चेहरा बघून वाटलं, आता झालंच आहे तर पुरतं लोळू दे."

बाईंनी दवाखान्यात फोन लावला. रविवार. कोणी उचलला नाही. परत लावला. नाहीच. बादली समोर, नळ समोर, शाम्पूची नवी बाटली फळीवर. बाईंचा हात नळापर्यंत गेला, तिथे थांबला आणि मागे आला. त्यांनी ओली फडकी आणली आणि पुसायला सुरुवात केली. फडक्यांनी वास कमी झाला नाही, फक्त सगळीकडे सारखा पसरला. तेवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

"शेडमध्ये कोंडा त्याला," बाई म्हणाल्या आणि हात धुवायला पळाल्या. पेंटरनी शेडचं दार ओढून घेतलं. बोळा आत गेला की नाही हे पाहायचं तेवढं राहून गेलं.

पाहुणे बैठकीत बसले. थोरल्या नर्सने सोफ्याच्या काठावर बूड टेकवलं, धाकटी तिच्या शेजारी तितकीच काठावर बसली, सर्जनसाहेब मधोमध. चहा-बिस्किटं आली. इस्पितळाच्या गोष्टी निघाल्या. आणि हळूहळू वास येऊ लागला.

बाईंना वाटलं, आपल्याच हातांना राहिला असेल. त्यांनी हात पदराखाली घेतले. सर्जनसाहेबांनी बोलता बोलता एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेतला आणि बुटाचा तळवा पाहिला, मग पाय बदलून दुसरा पाहिला. धाकट्या नर्सने रुमाल काढायच्या निमित्ताने पर्स उघडून आत नाक घातलं. थोरली हळूच आपल्या खांद्याशी हुंगत होती. मेट्रनच्या घरात वास येणं शक्य नव्हतं, तेव्हा तो आपलाच असणार, याबद्दल तिघांचीही खात्री होती. पंख्याचा वेग वाढवा असं म्हणायचीही कोणाची छाती झाली नाही. बोलणं तुटक होत गेलं. चहा कोणाच्या घशाखाली उतरेना.

त्या शांततेत सोफा घोरू लागला.

सगळ्यांनी पेंटरकडे पाहिलं. पेंटर उभे होते, टक्क जागे होते.

बाई उठल्या. वाकून त्यांनी सोफ्याची झालर उचलली. बाहेर आलेल्या वासाने धाकटीने सरळ नाकाला रुमाल लावला.

"हा आमचा बोळा," बाई म्हणाल्या. "मेलेल्या माशावर लोळून आलाय. आंघोळ घालता येत नाही. डॉक्टरांनी मना केलंय."

"मना केलंय?" सर्जनसाहेब म्हणाले. "कशासाठी?"

बाईंनी क्षणभर विचार केला. "मी फार धुतला म्हणून."

आधी थोरली हसली. तोंड दाबून हसली, मग दाबता येईना, आणि शेवटी डोळे पुसत ती सोफ्यात पार मागे रेलली. "मेट्रन," ती म्हणाली, "मला वाटलं माझ्याच चपलेला काहीतरी लागलंय. आता आपली काही धडगत नाही म्हणून मी चहासुद्धा प्यायले नाही." धाकटीने पर्सची गोष्ट सांगितली. सर्जनसाहेबांनी बुटांची कबुली दिली. बाई सगळ्यांकडे बघत होत्या आणि मग त्यांनाही हसू आवरेना. पेंटरनी बायकोला इतकं मोठ्याने हसताना बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

आवाजाने बोळा जागा झाला. सोफ्याखालून सरपटत बाहेर आला, अंग झाडलं आणि सर्जनसाहेबांच्या कडक इस्त्रीच्या पँटवर डोकं ठेवलं. साहेबांनी थोडं थांबून त्याचा कान खाजवला, मग दुसराही खाजवला, आणि त्याच हाताने बिस्किट उचलायला गेले.

"सर," बाई म्हणाल्या. "हात."

साहेब उठले आणि मुकाट बेसिनकडे गेले. त्या दिवशी पाहुणे अंधार पडेपर्यंत बसले. दारं-खिडक्या सताड उघड्या होत्या आणि चहा पुन्हा करावा लागला.

सोमवारी डॉक्टरांचा फोन लागला. माशाच्या वासासाठी एक आंघोळ चालेल, असं त्या हसत म्हणाल्या, आणि ती झाली. त्यानंतर महिनाभर पाणी नाही. बोळ्याचे केस दाट झाले, त्यांना एक मऊ चकाकी आली. लेकीला मध्यंतरी मोठी जागा मिळाली, ती कुत्रा न्यायला म्हणून आली. सकाळी ओसरीवर आईच्या पावलावर डोकं टाकून तो घोरत पडलेला तिने पाहिला, आणि दोन दिवस राहून एकटीच परत गेली.

मेट्रनबाई बदलल्या, असं पेंटर सगळ्यांना सांगतात. पण ते तितकंसं खरं नाही. संध्याकाळी तिघं फिरायला जातात तेव्हा वाटेत कोणाचा कुत्रा दिसला की बाई थांबतात. "आंघोळ किती वेळा घालता?" असं विचारतात. कोणी कौतुकाने "दर दोन दिवसांनी" म्हणालं की त्यांचा चेहरा बदलतो. मग त्या तिथेच वाकतात, कुत्र्याचे केस बाजूला सारून कातडी पाहतात, कानांमागच्या गाठी चाचपतात आणि मालकाला घरी ब्रश कोणता आहे, दाते केवढे आहेत, सगळं विचारतात. आता वस्तीतले काही लोक बाईंना लांबून पाहिलं की कुत्रा उचलून पलीकडच्या फुटपाथला जातात.

अशा वेळी पेंटर आणि बोळा मात्र थांबत नाहीत. तपासणी लवकर उरकत नाही, हे दोघांनाही चांगलं ठाऊक असतं. ते आपले रमतगमत पुढे चालू लागतात.